शीड केवढें असावें?

आमचा नातू मुंबईस शिडाच्या नौकांच्या शर्यतींत उतरतो. सुटींत अलोऱ्यास आला तो हिरमुसलेलाच. "आजोबा, वारा वाढला तरी आम्ही मोठेंच शीड ठेवलें. लहान चढविणें कमीपणाचें वाटलें. अन् मागें पडलों!"

त्यांत नवल नाहीं. मंद वाऱ्यांत पुढील शीड डोलकाठीच्याही मागें पोंचणारें, मोठें असावें. त्यास जेनोआ म्हणतात. परंतु वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं शिडावरील दाब चौपट होतो. नौका फार कलते, बाजूस वाहवते, सुकाणूशीं झगडावें लागतें आणि वेग घटतो. तेव्हां डोलकाठीच्या अलीकडेंच संपणारें लहान शीड, म्हणजे जिब, चढवावें. बदलावें काय, ही शंका येतांच बदलावें. उशीर झाल्यास उसळत्या नौकेच्या टोंकाशीं जाणें जिवावर बेततें.

गोव्यांत बांधलेल्या ५५ फुटी 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीं २०१७-१८ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती शर्यत नव्हती. तरी तुफानासाठीं वेगळें शीड त्यांच्यापाशीं होतेंच. तें चढविण्यांत कसला कमीपणा?

अंथरूण पाहून पाय पसरावे, हें संसाराचें सूत्र. वारा पाहून शीड पसरावें, हें सागराचें.