तीन ठोके

जुन्या रोटरी गाडीचा जोर कमी झाला, की निदान आधीच ठरलेलं असतं: ‘सीलं गेली, इंजिन खोला.’ माझदाच्या आरएक्स-७चे मालक हे वाक्य ऐकून दचकतात. दचकणं रास्त आहे. पण खोलण्याची इतकी घाई कशाला?

या इंजिनात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्हही नाहीत. कमरेशी किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, फिरत असतो. त्याच्या तीन टोकांवर स्प्रिंगने दाबलेल्या धातूच्या पट्ट्या असतात. तीच ही सीलं. ती पहिल्यापासूनच नाजूक. साठच्या दशकात हिरोशिमात केनिची यामामोतो यांच्या चमूला पोकळीच्या भिंतीवर सीलांच्या थरथरीने उठलेले ओरखडे दिसले, तेव्हा त्यांनी त्यांना ‘सैतानाची नखं’ म्हटलं. त्यावर उपाय सापडला आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. संशयाचा डाग मात्र सीलांवर कायमचा राहिला.

आता १९८५ साली आलेली दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ घ्या, टर्बो नसलेली. इंजिन दोन रोटरचं, १३०८ सीसी. हवा आत घ्यायला सहा वाटा. त्यांतल्या दोन एरवी बंद असतात आणि फेरे वाढले की नळीसारख्या फिरत्या झडपांनी उघडतात. सुरुवातीच्या गाड्यांत त्यांना उघडायचं काम एक्झॉस्टमधला दाबच करतो. काजळीने झडप अडकली, की गाडी गावात शहाण्यासारखी चालते, पण हायवेवर वरच्या फेऱ्यांत दम तोडते. गंमत म्हणजे हौसेने मोकळा सायलेन्सर बसवला तरी तेच होतं: दाबच उरत नाही, मग झडपा उघडणार कशा? उलट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला, तर धूर बाहेर पडत नाही आणि इंजिन गुदमरतं. रोटरीचा एक्झॉस्ट फार गरम, त्यात न जळलेलं पेट्रोल; कन्व्हर्टरचे हाल ठरलेलेच. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, त्यांची ठिणगीही तपासून घ्यावी.

एवढं पाहून झालं, की मग काँप्रेशन. इथेच बहुतेक जण फसतात. साध्या गेजमध्ये दाब धरून ठेवणारी छोटी झडप असते, त्यामुळे काटा सर्वांत मोठ्या आकड्यावर जाऊन थांबतो. रोटरला बाजू तीन. एक धडधाकट असली की बाकी दोघींचं आजारपण झाकलं जातं. म्हणून ती झडप दाबून धरायची, इंजिन गरम, प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी ताजी, आणि सेल्फ मारत काट्याच्या उड्या पाहायच्या. ठक-ठक-ठक. साधारण २५० फेऱ्यांना प्रत्येक उडी दर चौरस सेंटिमीटरला किमान ६ किलो हवी आणि तिन्हींत दीडपेक्षा जास्त फरक नको. टोकावरचं सील दोन शेजारच्या बाजूंच्या सामाईक भिंतीसारखं असतं. ते गेलं तर लागोपाठ दोन उड्या बसक्या येतात. अशी गाडी गार असताना लगेच सुरू होते आणि गरम असताना नुसती घरघरते.

तिन्ही उड्या दमदार आणि सारख्या आल्या, तर पाने खाली ठेवायचे आणि टॉर्च घेऊन पुन्हा गाडीखाली, कन्व्हर्टरकडे.