पंप तोच, बोट छोटी : मॉडेल बोटीचा ‘जेट’ निवडताना आणि जपताना

इंदापूर तालुक्याला लागून पसरलेला उजनीचा जलाशय दिसतो विशाल. पण त्याचा काठ फसवा आहे. पावसाळ्यानंतर शेतांच्या बांधांपर्यंत चढलेले पाणी उन्हाळ्यात दूरवर मागे सरते. ते फारच ओसरले, की पळसदेवचे जुने मंदिरही उघडे पडते. काठावर उरतो तो गाळ, झाडांची खुंटे, शेवाळ, जलपर्णी आणि मासेमारीच्या जाळ्यांतून तुटलेले तंगूस. अशा पाण्यात रेडिओवर चालणारी छोटी मॉडेल बोट सोडली, तर तळाखाली लोंबणारा पंखा लवकरच कशात तरी अडकतो. म्हणूनच उथळ पाण्यासाठी ‘जेट ड्राइव्ह’चा विचार केला जातो.

जेटचा जन्मच उथळ पाण्याच्या गरजेतून झाला. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी तेथील खडकाळ, उथळ नद्यांसाठी १९५० च्या दशकात या यंत्रणेला व्यवहार्य रूप दिले. एडमंड हिलरी यांनी १९७७ मध्ये गंगेच्या मुखापासून हिमालयाच्या दिशेने केलेली मोहीमही अशाच जेट बोटींतून झाली होती.

शेतकऱ्याच्या ओळखीचे यंत्र

जेटचे तत्त्व बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला नवे नाही. जेट म्हणजे मुळात एक पंपच. बोटीच्या तळाला असलेल्या तोंडातून पाणी आत येते, इम्पेलर त्याला जोर देतो, मागची स्थिर पाती पाण्याचा पीळ काढतात आणि निमुळत्या तोटीतून वेगाने बाहेर पडणारा झोत बोटीला पुढे रेटतो. तोटी वळवली, की बोट वळते. मात्र झोत थांबला, की वळणेही थांबते. वेग कमी करताच बोट सुकाणूला दाद देत नाही, हे नवख्याच्या ध्यानात बहुधा काठावर आदळल्यावरच येते.

पंपाचे दोषही जेटला जसेच्या तसे लागू पडतात. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली, की मोटार फिरते पण पाणी येत नाही. बोटीचा तळ उडून तोंडात हवा शिरली, की जेटचेही तसेच होते. म्हणून तोंड तळाशी सपाट आणि मध्यरेषेवर बसवावे. त्याच्या पुढे पट्टी, स्क्रू किंवा उंचवटा ठेवू नये.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न वेगाचा. संथ चालणाऱ्या, जड बोटीला साधा पंखाच किफायतशीर ठरतो, कारण कमी वेगात जेट बरीच वीज वाया घालवतो. हलकी, सपाट किंवा किंचित ‘व्ही’ आकाराच्या तळाची आणि पाण्यावर उचलली जाणारी बोट जेटला मानवते.

दुसरा प्रश्न मापाचा. जड बोटीला लहान जेट लावून मोटार अधिक फिरवण्यापेक्षा मोठ्या व्यासाचा इम्पेलर बेताच्या फेऱ्यांवर चालवणे हिताचे. मोटारीच्या ‘केव्ही’ आकड्याला बॅटरीच्या व्होल्टने गुणले, की भाराविना मिळणाऱ्या दर मिनिटाच्या फेऱ्या कळतात. २,००० केव्हीची मोटार ११.१ व्होल्टवर सुमारे २२,२०० फेऱ्या घेते. जेटच्या उत्पादकाने दिलेली मर्यादा आधी पाहून मगच मोटार निवडावी. वेग नियंत्रकाची अँपिअर क्षमताही मोटारीच्या गरजेपेक्षा जास्त असावी. कचरा अडकताच वीज एकदम अधिक खेचली जाते.

जपणूक

फूटव्हॉल्व्हला जाळी, तशी जेटच्या तोंडाला गजाळी हवी. गज पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने बसवावेत आणि त्यांची मागची टोके मोकळी असावीत, म्हणजे शेवाळ घसरून निघून जाते. आडव्या गजांवर ते साचते. गजांतील अंतर इम्पेलरच्या पात्यांमधील फटीहून कमी असावे. मात्र जाळी फार बारीक झाली, तर पाण्याची वाटच अडते. तंगूस तर कोणत्याही जाळीतून आत शिरते. म्हणून जाळी लावलेल्या भागापासून दूर राहणे हाच खरा उपाय. जलपर्णीच्या दाट थरातून जेटही वाट काढू शकत नाही.

इम्पेलर आणि भोवतालचे कवच यांत जेमतेम केसभर फट असते. वाळूने ती रुंदावली, की मोटार तेवढीच फिरूनही जोर घटतो. त्यामुळे गढूळ काठावर बोट तळ टेकेल अशी सोडू नये. गुडघाभर खोल पाण्यातच थ्रॉटल द्यावा. बोट बाहेर काढल्यावर स्वच्छ पाण्याने जेट धुवावा, शाफ्टच्या नळीत पाण्याला न विरघळणारे ग्रीस भरावे आणि बेअरिंगला तेल द्यावे. अडकलेला कचरा काढण्यापूर्वी बॅटरी सोडवणे अनिवार्य आहे. रेडिओचा एक चुकीचा इशाराही बोट कापण्यास पुरेसा ठरतो.

बोट परत येईल, माणूस नाही

पहिली चाचणी लहान, शांत पाण्यात घ्यावी. शेततळे सोयीचे वाटते; पण प्लॅस्टिक कागदाच्या निसरड्या उतारावरून आत गेलेल्याला वर येणे अवघड जाते. तेथे दोर हाताशी असावा आणि मुलांना एकटे सोडू नये. संपर्क तुटताच मोटार बंद होईल अशी रेडिओची सोय आधीच तपासावी. बोटीत फोम भरलेला असावा, म्हणजे पाणी शिरले तरी ती तरंगत राहते. भिगवण परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, त्या भागात बोट मुळीच सोडू नये.

बंद पडलेली बोट गळाच्या दोरीने ओढावी, दुसऱ्या बोटीने आणावी किंवा वाऱ्याने काठाला लागेपर्यंत थांबावे. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उजनीचे पाणी क्षणात रूप पालटते, हे त्या संध्याकाळने दाखवून दिले. अडकलेल्या खेळण्यासाठी त्या पाण्यात कोणीही उडी घेऊ नये. जेट बिघडला तर नवा मिळतो.