विट्याचा काळा दगड रूपांतरित नाही

विटा-खानापूर भागात विहीर खणताना वरचा मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. सुरुंगाशिवाय तो हटत नाही. एवढा टणक दगड म्हणजे उष्णता आणि दाबाने घडलेला रूपांतरित खडकच, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो बेसाल्ट आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पसरलेला लाव्हा थिजून तो तयार झाला, म्हणून तो अग्निजन्य. टणकपणावरून खडकाचा वर्ग ठरत नाही. संगमरवर रूपांतरित असूनही त्यावर चाकूने सहज ओरखडा उठतो.

रेणावीच्या डोंगरातले आडवे थरही फसवतात. ते एकावर एक साचलेले लाव्हाचे प्रवाह आहेत. रूपांतरित खडकातले पट्टे वेगळ्या रीतीने घडतात. जमिनीत खोलवर दाब पडला की अभ्रकासारखी चपटी खनिजे एका दिशेने मांडली जातात. चिखलापासून बनलेल्या मऊ खडकाची आधी पाटीच्या दगडासारखी स्लेट होते, उष्णता आणि दाब वाढत गेले की फायलाइट, मग चमकदार शिस्ट आणि शेवटी जाड पट्ट्यांचा नीस. हे सारे घन अवस्थेतच घडते. रूपांतर म्हणजे खडक वितळून पुन्हा गोठणे नव्हे. पूर्ण वितळून गोठला, तर तो अग्निजन्यच म्हणायचा.

‘कोळशाचे रूपांतर होऊन हिरा होतो’ हेही असेच घट्ट बसलेले वाक्य. बहुतेक हिरे पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटरहून खोल तयार झाले, आणि तेही जमिनीवर झाडे उगवण्याच्या कितीतरी आधी. कोळसा तर झाडांपासून झाला.

मग आपल्याकडे रूपांतरित खडक नाहीतच का? आहेत, पण फार खाली. कोयना परिसरात रासाटी येथे भोक पाडले तेव्हा सुमारे 930 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट आणि नीसचा प्राचीन पाया लागला. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडले तेव्हा हाच बेसाल्ट 338 मीटरांतच संपला. हे खडक उघड्यावर पाहायचे, तर सिंधुदुर्गात किंवा नागपूर-भंडाऱ्याकडे जावे लागते.

विट्यात ते सर्वांत जवळून दिसतात ते घरांच्या फरश्यांमध्ये, आणि तिथे दुकानातले नाव दिशाभूल करते. कोटा, शहाबाद, कडप्पा हे चुनखडक, म्हणजे गाळाचे. मकराण्याचा पांढरा दगड मात्र खरा संगमरवर. ‘हिरवा मार्बल’ बहुधा सर्पेंटिनाइट असतो. तो रूपांतरित असला, तरी चुनखडकापासून झालेला नसतो. ‘काळा ग्रॅनाइट’ बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो निघतो. आणि नागमोडी पट्ट्यांचा देखणा ‘ग्रॅनाइट’ अनेकदा नीस असतो, म्हणजे ज्याला आपण अग्निजन्य म्हणतो तोच रूपांतरित ठरतो.

ओळखायला फरशीचा फुटका तुकडा पुरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. चुनखडक आणि संगमरवर दोन्ही फसफसतात. पण संगमरवराच्या फुटीवर साखरेसारखे चकाकते कण दिसतात, तर कडप्प्याची फूट मंद आणि बारीक असते. पांढरा तुकडा फसफसला नाही आणि काचेवर ओरखडा काढू लागला, तर तो क्वार्टझाइट असण्याची शक्यता मोठी. वालुकाश्म कणांच्या मधून फुटतो, त्याच्या रूपांतरातून झालेला क्वार्टझाइट कण चिरून फुटतो. भिंगातून तो फरक स्पष्ट दिसतो.