'हाड'पासून 'वाघ्या'पर्यंत

धाराशिवच्या रस्त्यावर वाढणाऱ्या पिल्लाला माणसाचा पहिला शब्द बहुधा कोणता कळतो? 'हाड!' तो त्याला कुणी समोर बसवून शिकवत नाही. आवाजामागोमाग दगड येतो, असं दोन-चारदा घडलं की पुरे. पुढे नुसत्या शब्दानंही ते शेपूट घालून पळतं.

तेच पिल्लू तुम्ही घरी आणलंत. हा अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचा मुलूख, देवाच्या सोबतीलाही कुत्रा. म्हणून नाव ठेवलंत वाघ्या. पण वाघ्या भाकरीकडे बघतही नाही, कोपरान् कोपरा हुंगत सुटतो. रुसलाय का? छे, तो तुमचं घर वाचतोय! आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ६० लाख. त्याच्या नाकात २० कोटींच्या वर. शिवाय उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून जातो, त्यामुळे समोरून येणारा वास विसकटत नाही. केवढी सोय!

आता त्याला बोट दाखवून बघा. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञानसंस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवलं. बरीच कुत्री भीतीनं लांबच राहिली. पण जी जवळ आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. कुणीही न शिकवता! २०२० साली प्रसिद्ध झालेलं हे संशोधन. आपल्या जवळच्या नात्यातल्या चिंपांझीलाही बोटाची ही खूण सहजी उमगत नाही.

मग शिकवायचं कसं? 'हाड'चीच रीत, फक्त उलटी. 'वाघ्या' म्हणा, त्यानं मान वळवली की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्या. त्याच क्षणी का? कारण त्याचं मन आत्ता केलेलं आणि आत्ता मिळालेलं यांचीच गाठ बांधतं. सकाळी चप्पल फाडली आणि तुम्ही संध्याकाळी येऊन ओरडलात, तर गाठ चपलेशी बसत नाही; तुमच्या घरी येण्याशी बसते! शब्दही सगळ्यांचा एकच हवा. आजी 'बस' म्हणाली आणि नातू 'खाली' म्हणाला, तर वाघ्याला ते दोन वेगळे आवाज.

तेव्हा घाई करू नका. वाघ्याला रेबीजची लस वेळेवर टोचून घ्या, पहिले काही दिवस त्याला निवांत हुंगू द्या. आणि घरात कुणालाही 'हाड' म्हणू देऊ नका. तो शब्द त्याला आधीच पाठ आहे.