यमुनेचा पूर आणि पानिपत

१७६० च्या पावसाळ्यात यमुना दुथडी भरून वाहत होती. ऑगस्टमध्ये मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा अफगाण बादशहा अब्दाली पैलतीरावर अडकला होता. ऑक्टोबरात मराठ्यांनी दिल्लीच्या उत्तरेचा कुंजपुरा किल्ला जिंकला, तरी अब्दालीला तिथे मदत धाडता आली नाही. पण पूर ओसरू लागला होता. ऑक्टोबरअखेर अब्दालीनं बागपतजवळ उतार शोधून फौज पार केली आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाटच तोडली. सेनापतींच्या चुकांवर आपण पानंच्या पानं लिहितो. नदीच्या पाण्याला मात्र जेमतेम दोन ओळी मिळतात. हे बदलायला हवं.

वाट तुटलेले मराठे पानिपतला तळ देऊन बसले. पुढे उत्तरेतली थंडी. दख्खनच्या हवेत वाढलेले शिपाई, बुणगे, यात्रेकरू, बायकामुलं खंदकाआड कोंडली गेली. दाणा, वैरण, सरपण संपत गेलं. जनावरं छावणीतच मरून पडू लागली. अखेर उपासमार सोसवेना, म्हणून १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य लढाईला बाहेर पडलं.

या लढाईवर पुढे लिहिलंही गेलं. अब्दालीच्या बाजूनं असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौलाच्या पदरच्या काशीराजानं डोळ्यांदेखत घडलेलं फारसीत लिहून ठेवलं. मराठीत ‘भाऊसाहेबांची बखर’ झाली. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ कादंबरी १९८८ ची.