व्याख्यान तिसरे : ‘कशासाठी’ या प्रश्नाचे डार्विनने काय केले?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कार्यकारणभावाविषयी बोललो. ॲरिस्टॉटलची चार कारणं पाहिली, आणि त्यांतलं शेवटचं, म्हणजे हेतू, हे भौतिकशास्त्रातून सतराव्या शतकात कसं बाहेर पडलं तेही पाहिलं. दगड खाली पडतो तो त्याला आपल्या जागी परत जायचं असतं म्हणून नव्हे, हे गॅलिलिओ आणि न्यूटननंतर कुणी नाकारत नाही. इथवर ठीक. पण डोळ्याचं काय? डोळा पाहण्यासाठी आहे. पंख उडण्यासाठी आहेत. हे ‘साठी’ आपण कसं काढून टाकणार? दगडाच्या बाबतीत ते सहज गळून पडतं, डोळ्याच्या बाबतीत ते चिकटून बसतं. आज आपल्याला बोलायचं आहे ते या ‘साठी’विषयी.

विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली एक ग्रंथ लिहिला. त्यातलं घड्याळाचं उदाहरण आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेलं असेल. माळरानावर चालताना पायाला दगड लागला तर तो तिथे कसा आला असं आपण विचारत नाही, पण घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी घडवलं असणार असं आपण लगेच म्हणतो. कारण त्याचे भाग एका कामासाठी एकमेकांशी जुळवलेले दिसतात. डोळ्याचे भाग तर त्याहून बारकाईने जुळवलेले आहेत, मग त्याला घडवणारा नको का? आपल्याकडे दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायदर्शनाच्या बाजूने ईश्वरसिद्धीसाठी याच कुळातला युक्तिवाद केला होता : घट आहे तर कुंभार आहे, जग हे कार्य आहे तर त्याला कर्ता आहे. मीमांसकांना तो पटला नव्हता, तो वाद वेगळा.

पेलीला हसण्याची आज एक फॅशन आहे. आम्हाला ती मान्य नाही. ह्यूमने १७७९ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या संवादांत, या युक्तिवादातल्या भेगा दाखवल्या होत्या. परंतु भेगा दाखवणं वेगळं आणि दुसरं स्पष्टीकरण देणं वेगळं. डोळा कसा झाला, याचं पेलीपाशी उत्तर होतं, ह्यूमपाशी पक्कं असं नव्हतं. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या तरुण डार्विनलाही पेलीने मोहून टाकलं होतं, हे त्याने स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे. ज्या माणसाने पेलीला उत्तर दिलं त्याने पेली मन लावून वाचला होता, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते.

आता आपल्या शब्दाकडे वळू. मराठीत आपण ‘उत्क्रांती’ म्हणतो. ‘उत्’ म्हणजे वर किंवा बाहेर, आणि ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. वेदान्तात हा शब्द जुनाच आहे. तिथे जीव देह सोडून बाहेर पडतो त्याला उत्क्रांती म्हणतात. विज्ञानाच्या मराठीत तो ‘इव्होल्यूशन’साठी रुळला आणि त्याबरोबर ‘वर चढत जाणं’ ही छटाही आत शिरली. अमीबा खाली, मग मासा, मग माकड, आणि सगळ्यात वर, चष्मा लावून बसलेले आपण! गंमत अशी की इंग्रजीतही घोटाळा तोच आहे. ‘इव्होल्यूशन’ म्हणजे मुळात गुंडाळी उलगडणं, जे आत आधीपासून आहे ते बाहेर येणं. डार्विनने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत हा शब्द वापरलाच नाही. फक्त शेवटच्या वाक्याच्या शेवटी त्याचं क्रियापद येतं. तो म्हणायचा ‘बदल होत होत आलेली वंशपरंपरा’. ‘वरचा प्राणी’, ‘खालचा प्राणी’ असं कधी म्हणायचं नाही, अशी नोंद त्याने स्वतःपुरती एका पुस्तकाच्या समासात करून ठेवली होती. (ती त्याला नेहमीच पाळता आली असं नाही, पण ते असो.)

मग हे त्याला सुचलं कसं? बीगल जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी निघालं आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतलं. गालापागोस बेटांवर ते १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जेमतेम पाच आठवडे होतं. लोकांच्या मनातलं चित्र असं, की डार्विन तिथे उतरला, फिंच पक्ष्यांच्या वेगवेगळ्या चोची पाहिल्या आणि त्याला साक्षात्कार झाला. तसं काही घडलं नाही. फिंच कोणत्या बेटावरचा कोणता, हे त्याने नीट नोंदवलंसुद्धा नव्हतं. प्रत्येक बेटावरचं कासव वेगळं असतं, हे तिथल्या उपराज्यपालाने त्याला सांगितलं होतं. तरी परतीच्या वाटेवर जहाजावरच्यांनी ती कासवं खाल्ली आणि कवचं समुद्रात फेकून दिली! १८३७ मध्ये लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने नमुने तपासले आणि सांगितलं, की हे निरनिराळे दिसणारे पक्षी सगळे फिंचच आहेत, जवळच्या नात्यातले, पण जाती वेगळ्या. आणि मॉकिंगबर्ड, ज्यांची बेटवार नोंद डार्विनने ठेवली होती, त्यांच्याही वेगळ्या जाती आहेत. गालापागोस त्याला खऱ्या अर्थाने लंडनमध्ये दिसलं. त्याच जुलैमध्ये त्याने जातींच्या बदलावरची पहिली वही उघडली.

प्रवासात त्याच्याबरोबर लायलचा भूशास्त्राचा ग्रंथ होता. त्याचं म्हणणं असं, की आज जी कारणं आपल्यासमोर काम करताना दिसतात, पाऊस, नद्या, भूकंप, तीच पुरेसा काळ मिळाली तर डोंगर उभे करतात. फेब्रुवारी १८३५ मध्ये चिलीत मोठा भूकंप झाला. काही ठिकाणी किनारा कित्येक फूट वर उचलला गेला आणि कालवं पाण्याबाहेर येऊन मेली, हे सगळं डार्विनच्या काळातच, त्याच्या प्रवासात घडलं. लहान कारण गुणिले प्रचंड काळ बरोबर मोठा परिणाम, हे गणित त्याच्या मनात तिथून बसलं.

पण काळ एकटा काही करत नाही. दिशा कोण देतं? सप्टेंबर १८३८ च्या अखेरीस त्याने माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला. हा माल्थस म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरीच्या कॉलेजातला प्राध्यापक. हिंदुस्थानात कारभार करायला येणारे कित्येक साहेब त्याच्या हाताखालून गेलेले. त्याचा मुद्दा असा, की माणसं पटीने वाढतात, अन्न तसं वाढत नाही, म्हणून उपासमार अटळ आहे. त्यावरून त्याने जे राजकीय निष्कर्ष काढले त्यांची हिंदुस्थानालाही झळ लागली. डार्विनने मात्र तो मुद्दा सगळ्या सजीवांना लावला. जन्मतात पुष्कळ, उरतात थोडे. आणि कोणतेही दोन जीव तंतोतंत सारखे नसतात. मग उरणाऱ्यांत, त्या जागी, त्या काळी थोडीशी सोय असणाऱ्यांचं प्रमाण जास्त राहील, आणि ती सोय वंशाने पुढे जात असेल तर पुढच्या पिढीत ती अधिक दिसेल.

झालं. एवढंच. यात निवडणारा कुणी नाही, आधी आखलेला नकाशा नाही, आणि तरी ‘निवड’ होते. आमच्या मते तत्त्वज्ञानाच्या इतिहासात याच्या तोडीच्या फार थोड्या कल्पना आहेत. ‘डोळा पाहण्यासाठी आहे’ हे वाक्य आपण आजही म्हणू शकतो, पण त्याचा अर्थ बदलतो : ज्या पूर्वजांना थोडं अधिक दिसलं त्यांची पिलं अधिक उरली. ‘साठी’ भविष्याकडे बोट दाखवत होतं, ते आता भूतकाळाकडे दाखवायला लागलं.

यानंतर वीस वर्षं त्याने ग्रंथ छापला नाही. १८४४ मध्ये सविस्तर मसुदा लिहून, आपण मेलो तर तो प्रसिद्ध करावा असं पत्र पत्नीच्या नावे ठेवलं. आठ वर्षं समुद्रातल्या बार्नॅकल या खडकांना चिकटणाऱ्या जिवांवर घालवली. आणि कबुतरं पाळली! हा भाग आम्हाला फार आवडतो. लंडनच्या कबुतरबाजांच्या क्लबात हा सभ्य गृहस्थ जाऊन बसायचा. पंख्यासारखी शेपटी उभारणारा लक्का, गळ्याची पिशवी फुगवणारं कबुतर, उडताना कोलांट्या मारणारं. ही रानात सापडली असती तर कुठल्याही पक्षितज्ज्ञाने त्यांना वेगवेगळ्या जाती म्हटलं असतं. पण ती सगळी आपल्या इमारतींच्या वळचणीला बसणाऱ्या पारव्यापासून माणसाने निवडून निवडून केलेली. या कामात हिंदुस्थानाचा हात आहे. वॉल्टर इलियट या मद्रासच्या अधिकाऱ्याने इथल्या कबुतरांची कातडी पाठवली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातला एडवर्ड ब्लाइथ इथल्या पाळीव जनावरांविषयी लांबलचक पत्रं लिहायचा. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजार कबुतरं फिरत, हेही डार्विनच्या ग्रंथात आलं आहे.

१८ जून १८५८ ला त्याला एक पाकीट मिळालं. पाठवणारा आल्फ्रेड वॉलेस. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, जमीनमोजणीची कामं केलेला, नमुने विकून पोट भरणारा. ॲमेझॉनहून परतताना जहाजाला आग लागून त्याचा संग्रह जळाला, तरी हा पुन्हा निघाला, आजच्या इंडोनेशियाच्या बेटांकडे. तिथे तापाने फणफणलेला असताना त्यालाही माल्थस आठवला, आणि त्यालाही तेच सुचलं. डार्विनच्या घरी त्याच दिवसांत तान्हा मुलगा तापाने वारला. लायल आणि हूकर या मित्रांनी १ जुलै १८५८ रोजी लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र सादर केलं. डार्विन हजर नव्हता, आणि वॉलेसला तर कुणी विचारलंही नव्हतं. तो समुद्रापार. हे न्याय्य झालं का, यावर आजही वाद आहेत. वॉलेसने स्वतः कधी कटुता दाखवली नाही, पण म्हणून प्रश्न संपतो असं आम्हाला वाटत नाही. त्या वर्षाच्या आढाव्यात सोसायटीच्या अध्यक्षांनी, यंदा काही क्रांतिकारक शोध लागले नाहीत, अशा अर्थाचं विधान केलं! ‘ओरिजिन’ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी आलं.

आता आक्षेपांकडे. ‘माकडापासून माणूस झाला तर मग आज माकडं का उरली?’ हा प्रश्न आम्हाला वर्गात चाळीस वर्षं भेटत आला. आपले चुलतभाऊ आपले आजोबा नसतात, आपला आणि त्यांचा आजोबा एक असतो. आजचं माकड हा आपला चुलत आहे. ‘वर चढण्या’ची शिडी डोक्यातून गेली की हा प्रश्नही जातो.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा, आणि तो जास्त धारदार आहे. टिकतं कोण? जे लायक असतं ते. लायक कोण? जे टिकलं ते. ही तर पुनरुक्ती झाली! ‘लायक तेच टिकतात’ हा शब्दप्रयोग मूळचा स्पेन्सरचा, डार्विनने तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतला. आम्हाला विचाराल तर घ्यायला नको होता. उत्तर मात्र आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून गालापागोसमधल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर एकेक फिंच पकडून मोजला. १९७७ मध्ये पाऊस झालाच नाही. मऊ, बारीक बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि टणक, त्यांत आपल्या सराट्याच्या कुळातलं काटेरी फळ. एका जातीची संख्या सुमारे १,२०० वरून १८० च्या आसपास आली. उरले ते बहुतेक जाड चोचीचे, आणि त्यांच्या पिलांच्या चोचीही सरासरीने जाड निघाल्या. इथे ‘लायक’ म्हणजे काय, हे कोण टिकलं ते पाहून ठरवावं लागत नाही. चोचीची जाडी आणि बीचा टणकपणा आधी मोजता येतो, आणि कोण टिकेल याचा अंदाज चुकूही शकतो. जो चुकू शकतो तो दावा पुनरुक्ती नसतो.

आणि पुढचं ऐका. १९८२-८३ मध्ये धो धो पाऊस झाला, बेटावर बारीक बियांचा सुकाळ झाला. त्यानंतरच्या वर्षांत बारीक चोचीच्या पक्ष्यांची सरशी झाली. मग आता वर कोणतं आणि खाली कोणतं?

‘ही तर नुसती थिअरी आहे’ असंही म्हणतात. मराठीत हा आक्षेप उभाच राहू नये, कारण आपण ‘सिद्धांत’ म्हणतो, आणि न्यायशास्त्रात सिद्धांत म्हणजे प्रमाणांनी ठरवून स्वीकारलेली गोष्ट. तरी २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गेला. ओझं कमी करायचं, असं कारण दिलं गेलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, हे खरं. पण दहावीनंतर किती मुलं जीवशास्त्र घेतात? आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. ज्यांच्या घरी दहावीतलं मूल आहे त्यांनी तो मुलाबरोबर बसून वाचावा, आणि ‘साठी’ हा शब्द कुठे कुठे येतो त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी.

एक मोठी अडचण आपण आज बाजूला ठेवली. सोय ‘वंशाने पुढे जाते’ असं म्हटलं, पण कशी जाते हे डार्विनला ठाऊक नव्हतं. आईबापांचे गुण दोन रंगांसारखे मिसळत असतील तर कोणतीही नवी सोय चार पिढ्यांत फिकी पडेल, असा हिशेब १८६७ मध्ये फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने मांडला, आणि डार्विन त्याने अस्वस्थ झाला. उत्तर त्याआधी एक वर्ष, ब्रनच्या एका नियतकालिकात, वाटाण्यांविषयीच्या लेखात छापून आलेलं होतं. त्याविषयी पुढच्या वेळी. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या, मागच्या वेळी ते राहून गेले होते.