सफरचंदाची झोप

हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातलं पनियाला हे गाव जेमतेम १८०० फुटांवर. सफरचंदाच्या बागा असतात त्या याच्या तिप्पट उंचीवर. इथले शेतकरी हरिमन शर्मा यांनी १९९८ मध्ये घरी आणलेली सफरचंदं खाऊन बिया परसात टाकल्या. पुढच्या वर्षी तिथे एक रोप दिसलं. त्यांनी ते उपटलं नाही, आणि २००१ मध्ये त्याला फळ धरलं. त्या झाडाची कलमं आज ‘एचआरएमएन-९९’ या नावाने देशभर गेली आहेत. शर्मांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

सफरचंदाला ऊन सोसत नाही, असं आपण धरून चालतो. खरी अडचण उन्हाळ्याची नाही, हिवाळ्याची आहे. पानं गाळून हे झाड झोपतं, आणि सात अंशांखालच्या थंडीचे ठरावीक तास पुरे झाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. काश्मीर-सिमल्याकडच्या जुन्या जातींना असे हजारभर तास लागतात. पुण्यात पारा इतका उतरतो तो मोजक्या रात्री, तोही पहाटेपुरता. म्हणून रोप घेताना ‘किती ऊन सोसेल’ यापेक्षा ‘किती थंडी लागेल’ हे विचारावं.

कमी थंडीवर भागणाऱ्या आणखी दोन जाती नर्सरीत मिळतात. ‘ॲना’ इस्राएलमधली, दोन-तीनशे तासांत भागवणारी. ‘डोर्सेट गोल्डन’ बहामा बेटांवरची, तिला त्याहूनही कमी पुरतात. ॲनाला एकटीला नीट फळ धरत नाही, शेजारी डोर्सेट हवी. दोन्ही एकदमच फुलतात, पुढचं काम मधमाश्यांचं. जागा एकाच झाडाची असेल तर एचआरएमएन बरी. घ्यायचं ते कलमच. बी लावून मूळ जात मिळत नाही. पनियालातलं ते रोप म्हणजे लाखात एक लागलेली लॉटरी.

लागवड थंडीत करावी. दिवसाला सहा तास ऊन हवं आणि पाणी साचायला नको. काळ्या जमिनीत खड्डा खणून रोप लावलं तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो. त्यापेक्षा फूटभर उंच गादीवाफा करावा. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं राहू द्यावा. उन्हाळ्यात बुंध्याला चुना लावावा आणि आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाकावं.

आता खरी गंमत. महाराष्ट्रात पुष्कळदा डिसेंबर उलटला तरी झाड हिरवंगार असतं, झोपायला तयारच नाही. मग त्याची पानं हाताने काढावी लागतात. इंडोनेशियात जावा बेटावर बाटू शहराच्या परिसरात तर सफरचंदाची शेतीच यावर चालते. तोडणी झाली की मजूर फांदीवरून हात फिरवत पान न् पान ओरबाडतात. काही दिवसांत उघड्या फांद्यांवर कळ्या येतात, आणि वर्षातून दोनदा पीक निघतं. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला यात नवल वाटणार नाही. पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची, हलकी छाटणी करून पुन्हा पाणी सोडायचं, असाच तो बहार धरत आला आहे.

पहिली दोन वर्षं आलेली फळं काढून टाकावीत. पुढे प्रत्येक झुबक्यात एक-दोनच ठेवावीत, नाहीतर सगळी लिंबाएवढी राहतात. लालभडक, करकरीत काश्मिरी सफरचंदाची अपेक्षा मात्र ठेवू नये. अंगणातलं ॲना उतरवल्यावर फार टिकत नाही, लवकर पिठूळ होतं. आठवड्याच्या आत खाऊन टाकावं.